काल चालत होतं, आज व्हीएमला नेट नाही: राउटर, लॅपटॉप की व्हीएम?

लॅपटॉपवर नेट व्यवस्थित, मोबाइलवरही व्हिडिओ अडत नाही, आणि व्हर्च्युअल मशीनमधला (व्हीएम, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) उबंटू लिनक्स मात्र कोरडा ठाक. इंजिनिअरिंगची मुलं सबमिशनच्या आदल्या रात्री आणि घरून काम करणारे सोमवारी सकाळी हीच तक्रार घेऊन येतात. सांगण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी, पण कारण फिरून फिरून त्याच चार-पाच जागी सापडतं. बरेचदा राउटर धडधाकट असतो, व्हीएमही धडधाकट असते, आणि मधल्या वायफायकडून आपण भलतीच अपेक्षा ठेवलेली असते.

एक विनंती आधीच. हे वाचून होईपर्यंत राउटर बंद-चालू करू नका. केलात तर कदाचित नेट येईलही, पण राउटरने कुणाला कोणता पत्ता दिला होता ती यादी बहुतेक राउटरमध्ये तिथल्या तिथे पुसली जाते. मग तेच दुखणं पुन्हा उभं राहतं तेव्हा हातात काहीच पुरावा नसतो. आधी पत्ते कागदावर उतरवा, मग काय ते बंद-चालू.

खाली होस्ट म्हणजे तुमचा खरा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, आणि व्हीएम म्हणजे त्याच्या पोटात चालणारी मशीन. उदाहरणं मुख्यतः व्हीएम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरची आहेत, कारण कॉलेजांत तेच जास्त दिसतं. व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही ही तशीच दुसरी सॉफ्टवेअर जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे. व्हीएमला नेट देण्याचे मुख्य मोड दोन: नॅट, म्हणजे व्हीएम होस्टच्या आडून त्याच्याच पत्त्याने बाहेर जाते, आणि ब्रिज, म्हणजे ती वेगळं उपकरण म्हणून थेट राउटरशी बोलते.

लक्षणं

व्हीएममध्ये टर्मिनल उघडा आणि पत्ता बघा. लिनक्समध्ये "आयपी ए" (ip a), विंडोजमध्ये "आयपीकॉन्फिग" (ipconfig). पत्ता दिसला की निम्मं निदान झालं.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय, किंवा लिनक्समध्ये पत्ताच नाही: व्हीएमने पत्ता मागितला, पण तिला कुणी उत्तर दिलं नाही. तिची हाक राउटरपर्यंत पोचली नाही, किंवा राउटरचं उत्तर परत आलं नाही.

पत्ता १०.०.२.१५ आहे, आतून नेट चालतं, पण मोबाइलवरून किंवा दुसऱ्या लॅपटॉपवरून व्हीएम सापडत नाही: हा बिघाडच नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा नॅट मोड असाच वागतो. दोन व्हीएम सुरू केल्या तर दोघींनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि त्या एकमेकींना दिसत नाहीत, तेही ठरल्याप्रमाणेच.

पत्ता घरच्या राउटरच्या मालिकेतला आहे, ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग जातं, म्हणजे हाकेला उत्तर येतं, पण साइट उघडत नाही: डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं), घड्याळ किंवा पाकिटाचा, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याचा, आकार, या तिघांपैकी एक.

कॉलेजात किंवा ऑफिसात चालत होतं, घरी आल्यावर बंद: ब्रिज चुकीच्या नेटवर्क कार्डावर बसलाय, किंवा ब्रिज वायफायवर आहे.

दोन क्लोन केलेल्या व्हीएम आहेत, एक बंद केली की दुसरी नीट चालते: दोघी एकाच पत्त्यावर भांडताहेत.

वीज जाऊन आली आणि व्हीएमचा पत्ता बदलला, त्यामुळे एसएसएच (दुसऱ्या मशीनमध्ये टर्मिनलने शिरण्याची सोय), शेअर फोल्डर सगळं तुटलं: राउटरने नव्याने वाटप केलं.

घरात सगळीकडून दिसते, बाहेरून दिसत नाही: दुहेरी नॅट किंवा नेट देणाऱ्या कंपनीच्या बाजूचं नॅट. याच्यावर शेवटी बोलू, कारण त्यात तुमच्या हातात फार थोडं असतं.

आधी होस्ट, तेही फुकटात

होस्टवर नेट आहे ना, हा प्रश्न विचारला की लोक चिडतात. पण नुसतं "आहे" पुरत नाही. लॅपटॉप नक्की कोणत्या वायफायवर आहे ते बघा. घरात राउटर आणि एक्स्टेंडर दोन्ही असतील, किंवा कुणी पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू केलं असेल, तर लॅपटॉप गुपचूप तिकडे चिकटलेला असतो. गेस्ट नेटवर्कवर जोडलेली उपकरणं सहसा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत. तिथे नेट चालतं आणि बाकी काहीच चालत नाही.

ऑफिसचं व्हीपीएन चालू आहे का, तेही याच वेळी बघा. नॅट मोडमधली व्हीएम होस्टच्या वाटेने बाहेर जाते, त्यामुळे तिला व्हीपीएनचे सगळे नियम लागू होतात. ब्रिज मोडमधली व्हीएम व्हीपीएनला वळसा घालून थेट राउटरकडे जाते. म्हणून "व्हीपीएन लावलं की व्हीएममध्ये ऑफिसचा सर्व्हर दिसत नाही" ही तक्रार ब्रिजवाल्यांकडूनच येते, आणि नॅटवर गेल्यावर बहुधा मिटते.

मग व्हीएमच्या सेटिंगची दोन मिनिटं

व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर चार गोष्टी: अॅडॉप्टर चालू आहे का, केबल कनेक्टेड या चौकोनात टिक आहे का, मोड कोणता, आणि ब्रिज असेल तर खालच्या नावाच्या यादीत कोणतं कार्ड निवडलंय.

शेवटची गोष्ट सर्वात जास्त वेळा सापडते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ब्रिज एका ठरावीक कार्डाला बांधलेला असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये लॅनची वायर लावून व्हीएम बनवली, तर ब्रिज त्या लॅन कार्डावर बसतो. घरी आल्यावर लॅपटॉप वायफायवर, आणि व्हीएम मात्र वायर नसलेल्या कार्डाकडे तोंड करून बसलेली. व्हीएमच्या आत कितीही आपटलं तरी उपयोग नाही, तिथे सगळं बरोबरच असतं. व्हीएमवेअरमध्ये उलटा घोळ असतो. तिथे ब्रिज "ऑटोमॅटिक" असतो आणि भलतंच कार्ड धरतो, कधी व्हीपीएनचं खोटं कार्ड, कधी ब्लूटूथचं. व्हर्च्युअल नेटवर्क एडिटर उघडून व्हीएमनेट० ला हाताने खरं कार्ड द्या.

मोड "होस्ट-ओन्ली" असेल तर नेट मिळणारच नाही. तो मोड फक्त होस्ट आणि त्यावरच्या व्हीएम यांनी आपसात बोलण्यासाठी आहे, त्याला बाहेरचं दार नाही. पत्ता १९२.१६८.५६ ने सुरू होत असेल तर बहुधा तुम्ही तिथेच आहात.

विंडोज होस्टवर एक जास्तीची जागा: वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हरसमोर टिक हवी. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती गेलेली किंवा ड्रायव्हरच गायब झालेला सापडतो. व्हर्च्युअलबॉक्स पुन्हा इन्स्टॉल केलं की तो परत येतो. व्हीएम तशाच राहतात, पण इन्स्टॉल करण्याआधी त्या पूर्ण बंद करा, नुसत्या सेव्ह करून ठेवू नका.

नॅटवर टाकून बघा: सगळ्यात मोलाची चाचणी

व्हीएम बंद करा, मोड नॅट करा, पुन्हा सुरू करा. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि उत्तर स्वच्छ मिळतं.

नॅटवर नेट आलं तर व्हीएमची ऑपरेटिंग सिस्टीम ठीक आहे, होस्ट ठीक आहे, राउटरही ठीक आहे. बिघाड फक्त ब्रिजमध्ये आहे. नॅटवरही नेट नाही आलं तर राउटरकडे बघायची गरज नाही. नॅटमध्ये राउटरला व्हीएम दिसतच नाही, त्याला फक्त तुमचा लॅपटॉप दिसतो. अशा वेळी दोष व्हीएमच्या आत किंवा होस्टच्या फायरवॉलमध्ये शोधा.

या चाचणीत पिंगवर फार भरवसा ठेवू नका. नॅट मोडमध्ये पिंग आणि ट्रेसरूट (पाकिटाची वाट दाखवणारी चाचणी) कधी कधी अर्धवट चालतात, आणि नेट सुरू असूनही पिंग मरतं. पिंग गेलं तर उत्तम, नाही गेलं तर ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडून खात्री करा.

माझं स्पष्ट मत: घरच्या वायफायवर अभ्यास करणाऱ्या बहुतेकांना ब्रिजची गरजच नसते. व्हिडिओतल्या माणसाने ब्रिज निवडला म्हणून आपणही निवडतो. त्याच्याकडे वायर असते, हे त्या व्हिडिओत दिसत नाही. होस्टवरून व्हीएममध्ये एसएसएच करायचंय एवढंच असेल तर नॅट मोडमध्येच पोर्ट फॉरवर्डिंगचा (होस्टच्या एका पोर्टवर आलेलं व्हीएमकडे वळवण्याचा) नियम टाका: होस्टचा पोर्ट २२२२, व्हीएमचा पोर्ट २२. मग होस्टवरून १२७.०.०.१ ला पोर्ट २२२२ वर जोडा. राउटर बदला, गावी जा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसा, हा नियम सगळीकडे तसाच चालतो. नियमातला होस्टचा पत्ता रिकामा ठेवलात तर घरातल्या इतर लॅपटॉपवरूनही दार उघडं राहतं, तेवढं लक्षात ठेवा. १२७.०.०.१ लिहिलंत तर फक्त तुमच्या मशीनपुरतं.

दोन-तीन व्हीएमना एकमेकींशी बोलायचं असेल तर पहिला अॅडॉप्टर नॅट आणि दुसरा होस्ट-ओन्ली. पहिल्यातून बाहेरचं नेट, दुसऱ्यातून आपसातल्या गप्पा. हडूप-कुबरनेटिससारखी, अनेक मशीन लागणारी प्रॅक्टिकलंही या जोडीवर करता येतात.

हायपर-व्ही वापरणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. त्यातल्या "डिफॉल्ट स्विच"ची पत्त्यांची मालिका होस्ट रीस्टार्ट झाला की बदलू शकते. त्यावर व्हीएमला हाताने पक्का पत्ता दिला असेल तर "काल चालत होतं, आज नाही" हे ठरलेलंच. पक्का पत्ता हवा तर स्वतःचा वेगळा स्विच बनवा.

वायफायवरचा ब्रिज असा का वागतो

हे एकदा नीट समजून घेतलं की अर्ध्या तक्रारी आपोआप सुटतात.

लॅनच्या वायरीवर ब्रिज केला की एकाच वायरीतून दोन मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक) बाहेर पडतात, एक होस्टचा आणि एक व्हीएमचा. वायरी जोडणाऱ्या स्विचला त्याचं काही वाटत नाही, त्याला एका पोर्टावर अनेक मॅक चालतात. वायफायचं तसं नाही. लॅपटॉप आधी स्वतःच्या मॅकने राउटरकडे नाव नोंदवतो, आणि मग राउटर त्या नोंदलेल्या मॅककडूनच येणारी पाकिटं स्वीकारतो. लॅपटॉपकडून राउटरकडे जाणाऱ्या वायफायच्या पाकिटावर साधारणपणे तीन पत्त्यांची जागा असते. हवेत पाठवणारा आणि मूळ लिहिणारा हे दोघे तिथे एकच धरलेले असतात. मागे बसलेल्या तिसऱ्याचं नाव लिहायला चौथा रकाना लागतो, तो घरच्या साध्या जोडणीत वापरात नसतो.

मग व्हर्च्युअलबॉक्स काय करतं? व्हीएमच्या पाकिटावरचा मॅक खोडून त्या जागी होस्टच्या वायफाय कार्डाचा मॅक लिहितं, आणि परत येणारी पाकिटं आयपी पत्त्यावरून ओळखून व्हीएमला देतं. ही तडजोड पुष्कळदा चालते. अडते ती पत्ता मागण्याच्या वेळी. पत्ता मागणाऱ्या अर्जाच्या आत व्हीएमचा मॅक असतो आणि पाकिटावर होस्टचा. काही राउटर हे खपवून घेतात, काही अर्ज बाजूला टाकतात. म्हणून मित्राच्या घरी चालणारी व्हीएम तुमच्या घरी चालत नाही, आणि राउटर बदलला की अचानक चालायला लागते.

याची खूण राउटरच्या पानावर सापडते. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो होस्टवरच्या आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो, घराघरांत १९२.१६८.०.१, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.२९.१ असा काहीतरी असतो. आत जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक ०८:००:२७ ने सुरू होतात, व्हीएमवेअरचे बहुधा ००:०सी:२९ किंवा ००:५०:५६ ने, हायपर-व्हीचे ००:१५:५डी ने. पत्ते वाटल्याच्या यादीत ०८:००:२७ दिसतोय, पण प्रत्यक्ष जोडलेल्या उपकरणांत त्याच आयपीपुढे लॅपटॉपचा मॅक दिसतोय, तर वर सांगितलेली खाडाखोड तुम्ही डोळ्यांनी बघताय. अशा वेळी राउटरमध्ये आयपी आणि मॅक यांची जोडी पक्की बांधण्याची सोय चालू असेल तर ती व्हीएमला हमखास अडवते. नोंदीत एक मॅक, दारात दुसरा.

उपाय तीन. पहिला, वर सांगितलेला नॅट. दुसरा, लॅनची वायर. लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अॅडॉप्टर घ्या, साधारण हजाराच्या आतबाहेर मिळतो, आणि ब्रिज त्याच्यावर बसवा. तिसरा, व्हीएमला हाताने पत्ता द्या, म्हणजे पत्ता मागण्याची पायरीच टळते. तिसरा उपाय तात्पुरता समजा. पत्ता राउटरच्या वाटपाच्या मालिकेबाहेरचा निवडा, नाहीतर तोच पत्ता उद्या टीव्हीला मिळेल आणि नवीन भांडण सुरू होईल.

हॉटस्पॉटवर ब्रिज करणाऱ्यांनी तर नादच सोडावा. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१०.० ची अगदी छोटी मालिका वापरतो, फोन धरून चौदा पत्ते. मोबाइलचं सॉफ्टवेअर व्हीएमच्या लाडासाठी बनवलेलं नाही.

क्लोन केलेल्या बहिणी

एक व्हीएम छान तयार केली, तिच्या दोन नकला काढल्या, नावं बदलली, मॅकही बदलले. तरी तिघींना राउटर एकच पत्ता देतो. इथे भलेभले गोंधळतात, कारण मॅक खरोखर वेगळे असतात.

कारण असं. उबंटू सर्व्हर पत्ता मागताना ओळख म्हणून मॅक दाखवत नाही. ती ओळख ईटीसी फोल्डरातल्या मशीन-आयडी नावाच्या फाइलमधल्या क्रमांकावरून तयार होते. क्लोन करताना ती फाइल जशीच्या तशी उतरते. राउटर ओळख बघतो, म्हणतो ही तर मघाचीच, आणि मघाचाच पत्ता पुन्हा देतो.

याचं रूप फसवं असतं. तुम्ही मास्टर नावाच्या व्हीएमला एसएसएच करता, पासवर्ड चालतो, कुठलाही इशारा येत नाही. आत गेल्यावर "होस्टनेम" टाइप केलं तर उत्तर येतं वर्कर-२. इशारा येत नाही, कारण एसएसएचच्या होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या; इथला होस्ट म्हणजे लॅपटॉप नव्हे) सुद्धा क्लोनमध्ये तशाच उतरलेल्या असतात, आणि तुमच्या लॅपटॉपला दोघी एकच वाटतात. मिनिटभराने जोडणी तुटते, पुन्हा जोडलं की यावेळी खरी मास्टर भेटते. मुलं याला "नेट स्लो आहे" म्हणतात.

प्रत्येक नकलेत ती फाइल रिकामी करा: "सुडो ट्रंकेट -एस ० /ईटीसी/मशीन-आयडी" (sudo truncate -s 0 /etc/machine-id). मग रीस्टार्ट. फाइल उडवायची नाही, रिकामी ठेवायची. सुरू होताना नवा क्रमांक आपोआप भरला जातो. होस्ट कीही नव्याने तयार करून घ्या. हे नको असेल तर नेटप्लॅनच्या (उबंटूची नेटवर्क सेटिंग ठेवणाऱ्या) फाइलमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर (dhcp-identifier) या ओळीपुढे मॅक (mac) लिहा, म्हणजे ओळख मॅकवरून पटेल. आणि क्लोन काढताना मॅकविषयी विचारतात तिथे सर्व अॅडॉप्टरना नवे मॅक द्या हा पर्याय निवडा.

घड्याळ आणि डीएनएस

लॅपटॉपचं झाकण मिटून रात्रभर ठेवलं, किंवा जुना स्नॅपशॉट (व्हीएमची साठवून ठेवलेली अवस्था) परत आणला, तर व्हीएमचं घड्याळ मागे पडू शकतं. मग पिंग जातं, पण ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो आणि एपीटी (उबंटूचं सॉफ्टवेअर उतरवणारं साधन) म्हणतं की ही फाइल अजून वैध झालेली नाही. "डेट" टाइप करून तारीख बघा. चुकली असेल तर वेळ जुळवून घ्या, नेट आपोआप "दुरुस्त" होतं. स्नॅपशॉटचा आणखी एक उपद्रव म्हणजे व्हीएमला वाटतं तिचा जुना पत्ता अजून तिचाच आहे, आणि राउटरने तो कधीच दुसऱ्याला दिलेला असतो. अॅडॉप्टर बंद करून चालू केलं की ती नव्याने मागते.

८.८.८.८ ला पिंग जातं आणि साइटचं नाव टाकलं की अडतं, घड्याळही बरोबर, तर डीएनएस. घर बदलून दुसऱ्या वायफायवर आलात किंवा व्हीपीएन लावून काढलंत तर नॅटमधल्या व्हीएमला नवा डीएनएस कधी कधी कळतच नाही. व्हीएम एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. रीस्टार्ट नव्हे, पूर्ण बंद.

आता राउटर

इथवर येऊन सुटलं नाही तरच राउटरच्या पानावर हात घाला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

वाटपाची मालिका पुरेशी आहे का ते बघा. कुणीतरी ती मुद्दाम आखडून दहा पत्त्यांची करून ठेवलेली असते, आणि घरात मोबाइल, टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट बल्ब मिळून ते दहा केव्हाच संपतात. शेवटी आलेल्या व्हीएमला उपाशी राहावं लागतं. मॅक फिल्टर चालू असेल तर व्हीएमचा मॅक त्यात नसणारच. एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांना दिसू न देणारी सोय) चालू असेल तर मोबाइलवरून व्हीएम दिसणार नाही. हे सगळं बघायला पाच मिनिटं लागतात.

वीज गेल्यावर पत्ता बदलतो त्यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये पत्ता राखून ठेवणं. पण ब्रिज वायफायवर असेल तर मघाची मॅकची खाडाखोड इथेही आडवी येऊ शकते, म्हणून हे वायरीवरच भरवशाचं. होस्टसाठी पत्ता राखत असाल तर विंडोजमधली वायफायचा मॅक दर वेळी बदलण्याची सोय त्या नेटवर्कपुरती बंद करा, नाहीतर राखलेली जागा रिकामीच राहते.

राउटर दिवसातून दोन-तीनदा स्वतःहून बंद-चालू होत असेल तर सेटिंगमध्ये शोधू नका, त्याचा विजेचा अॅडॉप्टर बघा. घरगुती राउटरचा अॅडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि वर्षानुवर्षं टीव्हीच्या मागे तापत पडलेला असतो. दमलेला अॅडॉप्टर दिवे लावण्यापुरती वीज देतो, पण चार लोकांनी एकदम काही डाऊनलोड केलं की मान टाकतो. बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच, पिनेची दिशा तीच, अँपिअर तितकेच किंवा जास्त. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते तिथे राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावणं हा सगळ्यात स्वस्त "नेटवर्क अपग्रेड" आहे.

पाकिटाचा आकार

थोडं किचकट, म्हणून उशिरा. लक्षण ठरलेलं असतं: काही साइट झटकन उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, एसएसएच जोडलं जातं पण मोठी यादी छापायला सांगितली की गोठतं. युजरनेम-पासवर्डवाली जोडणी, म्हणजे पीपीपीओई, प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेते. म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. व्हीपीएन वर बसलं की आणखी कमी.

तपासायला विंडोज होस्टवर पिंगपुढे -एफ -एल १४६४ (-f -l 1464) लिहून ८.८.८.८ ला पाठवा. १४६४ मध्ये मथळ्याचे २८ मिळवले की १४९२ होतात. हे गेलं आणि १४७२ अडलं, तर तुमची मर्यादा १४९२ आहे. मग व्हीएममधल्या कार्डाचा एमटीयू (पाकिटाच्या आकाराची मर्यादा) १४९२ करून बघा. व्हीपीएनखाली १४०० पासून सुरुवात करा.

बाहेरून व्हीएम दिसत नाही

फायबर कंपनीचा डबा आणि त्याच्या मागे तुम्ही विकत घेतलेला राउटर, अशी जोडी असेल तर दोघेही नॅट करतात. पोर्ट फॉरवर्डिंग दोन्हीकडे करावं लागतं, किंवा तुमच्या राउटरला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकून एकच नॅट ठेवता येतं. दोघांची मालिका सारखीच, म्हणजे दोन्हीकडे १९२.१६८.१, असेल तर आधी तुमच्या राउटरची बदलून १९२.१६८.५० करा.

एवढं करूनही जमत नसेल तर कंपनीच्या डब्याच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर कंपनी स्वतःच अनेक घरांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आहे. तुमच्या घरातली कुठलीही सेटिंग त्याच्या पलीकडे पोचत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

डब्यावरचा एलओएस दिवा लाल असेल तर व्हीएम, राउटर सगळं विसरा. बहुधा फायबर तुटली किंवा सैल झाली आहे. पिवळी वायर वाकवू नका, तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला घातक असू शकतो. कंपनीचा माणूस बोलवा.

कंपनीने दिलेल्या डब्याच्या रिसेटच्या भोकात टाचणी घालू नका. त्यात तुमचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक असतो. ते पुसलं की घरातलं सगळं नेट जातं आणि त्यांचा माणूस येईपर्यंत येत नाही. डबा ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे त्याचं नॅट बंद करायचं, असेल तेही त्यांच्याकडूनच करून घ्या.

१००.६४ वाला पत्ता निघाला तर कंपनीकडे सार्वजनिक स्थिर पत्ता मागा. देत असतील तर सहसा महिन्याला जास्तीचे पैसे पडतात. नुसतं स्वतःपुरतं बाहेरून व्हीएममध्ये शिरायचं असेल तर तो खर्च करण्याआधी वायरगार्डवर चालणाऱ्या टेलस्केलसारख्या सेवा बघा, त्यांना उघडा पोर्ट लागत नाही.

लॅपटॉप ऑफिसचा असेल आणि ब्रिजचा ड्रायव्हर बसतच नसेल, किंवा बसून दुसऱ्या दिवशी गायब होत असेल, तर तो बिघाड नाही, त्यांचं धोरण आहे. आयटी विभागाला लिहा, पळवाट शोधू नका.

ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर होस्टवर निळा स्क्रीन यायला लागला तर तिथेच थांबा, व्हीएमच्या डिस्कच्या फाइल बाहेर कॉपी करून ठेवा आणि मग कुणा जाणत्याला दाखवा. राउटरला जळका वास येत असेल किंवा हात ठेववत नसेल तर प्लग काढा, उघडून बघू नका.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करताना व्हर्च्युअल मशीनचा उच्चारही करू नका. समोरच्याच्या कागदावर तो शब्द नसतो आणि तक्रार तिथेच बंद होते. लॅपटॉप वायरीने थेट डब्याला लावा, व्हीएम बंद ठेवा, आणि तेव्हा काय होतंय तेवढंच सांगा: कोणते दिवे लागले आहेत, वॅनचा पत्ता काय आहे, ८.८.८.८ ला पिंग जातंय की नाही. तक्रार क्रमांक घ्या.